एपिडॉरस : नाट्यगृहापलीकडचे आरोग्यधाम

ग्रीसच्या पेलोपोनीस भागात, नाफ्प्लिओ या बंदराच्या गावापासून साधारण तीस किलोमीटरवर असलेले एपिडॉरसचे नाट्यगृह हे प्राचीन ग्रीक नाट्यगृहांमध्ये सर्वाधिक सुस्थितीत राहिलेले मानले जाते. येथे येणाऱ्या पर्यटकांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. रंगमंडलाच्या, म्हणजे पायऱ्यांसमोरील गोल मोकळ्या जागेच्या, मध्यावरील दगडावर उभे राहून कोणीतरी टाळी वाजवायची, वरच्या पायरीवरून दुसऱ्याने हात हलवून ऐकू आल्याची खूण करायची, छायाचित्रे घ्यायची आणि बसकडे परतायचे. ज्या देवस्थानासाठी हे नाट्यगृह उभारले गेले त्याचे अवशेष पाइनच्या झाडांमधून पाच-सात मिनिटे चालत गेले की लागतात, परंतु तिकडे फिरकणारे थोडेच. तेथे गेल्यावाचून हे नाट्यगृह अर्धेच पाहिले, असे माझे मत झाले आहे.

अर्थात नाट्यगृह थक्क करणारे आहे, यात वाद नाही. किनॉर्तिओन टेकडीच्या उताराचा आधार घेऊन इ. स. पू. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची रचना झाली. खाली चौतीस आणि वर एकवीस अशा एकूण पंचावन्न रांगा असून वरच्या रांगा मागाहून वाढवल्या असाव्यात, असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते. बारा ते चौदा हजार प्रेक्षक मावतील एवढा हा विस्तार असूनही कोठेही बोजडपणा जाणवत नाही, कारण खालच्या भागात बारा आणि वरच्या भागात बावीस असे पाचरीच्या आकाराचे विभाग पाडून, मधून जिने काढून, सारी रचना सुमारे वीस मीटर व्यासाच्या वर्तुळाकार रंगमंडलाभोवती तोलून धरली आहे. इ. स. च्या दुसऱ्या शतकात येथे आलेला प्रवासी पौसानियस याने रोमनांची नाट्यगृहे भव्यतेत सरस ठरतील हे मान्य करूनही प्रमाणबद्धता आणि सौंदर्य यांबाबत या नाट्यगृहाचा रचनाकार पॉलिक्लेइटॉस याची बरोबरी कोण करील, असा प्रश्न विचारला आहे. टेकडीवरून वाहून आलेल्या मातीखाली हे बांधकाम शतकानुशतके गाडले गेले होते, आणि बहुधा म्हणूनच त्याचे दगड इतर इमारतींच्या दगडांसारखे उचलले गेले नाहीत. १८८१ पासून पुरातत्त्वज्ञ पानागिस काव्वादियास यांनी येथे उत्खनन केले.

एक गोष्ट मात्र पायरीवर बसल्यानंतर लक्षात घ्यावी. समोर जो डोंगरांचा देखावा आज सर्वांना मोहवतो, तो प्राचीन प्रेक्षकाला, निदान खालच्या रांगांतून, असा मोकळा दिसत नसे, कारण रंगमंडलामागे नेपथ्याची इमारत उभी होती. आता तिचा केवळ पाया उरला आहे.

ध्वनीच्या कीर्तीबद्दलही थोडे सावधपणे बोलायला हवे. पुटपुटलेले शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचतात, असे मार्गदर्शक हमखास सांगतात. २००७ मध्ये निको डेक्लर्क आणि सिंडी डेकेयसर या संशोधकांनी असे दाखवले, की चुनखडीच्या पायऱ्यांची चढती घडण ५०० हर्ट्झच्या खालचे ध्वनी, म्हणजे गर्दीची कुजबुज आणि झाडांची सळसळ, दाबून टाकते आणि नटाच्या आवाजातील वरचे स्वर मागे परतवते. पुढे २०१७ मध्ये आइंडहोवन येथील तंत्रज्ञान विद्यापीठाच्या चमूने प्रत्यक्ष मोजमापे घेतली, तेव्हा नाणे पडल्याचा किंवा कागद फाडल्याचा आवाज सर्वत्र जाणवतो, पण तो कशाचा आहे हे मधल्या रांगांच्या पलीकडे, वरच्या बाजूस, ओळखता येत नाही, आणि पुटपुटणे तर पुढच्या रांगांतच समजते, असे त्यांना आढळले. मला यात नाट्यगृहाचा काहीच कमीपणा वाटला नाही. नटाने कमावलेला, फेकलेला आवाज तेथे स्वच्छ ऐकू येतो आणि नाट्यगृहाकडून याहून अधिक अपेक्षा तरी कोणती असावी? ध्वनिक्षेपक येण्यापूर्वीच्या आपल्या संगीत नाटकांतील गायक नटांना हा मुद्दा पटवून द्यावा लागला नसता.

आता अवशेषांकडे वळू. एपिडॉरस हे आरोग्याचा देव अस्क्लेपिओस याचे ग्रीक जगातील सर्वांत प्रसिद्ध स्थान होते. त्याचे मंदिर इ. स. पू. ३८० च्या सुमारास थेओडोटॉस नावाच्या वास्तुविशारदाने बांधले. त्या बांधकामाचा जमाखर्च दगडावर कोरलेला सापडला आहे. पारोसच्या थ्रासिमेडेसने घडवलेली देवाची सोने आणि हस्तिदंताची मूर्ती नष्ट झाली आणि मंदिराचाही जोत्यापलीकडे फारसा भाग उरलेला नाही. जवळच थोलोस ही गोल वास्तू आहे. बाहेर साध्या डोरिक शैलीचे सव्वीस आणि आत पानांच्या नक्षीच्या कोरिंथियन शैलीचे चौदा खांब असलेल्या या इमारतीच्या तळाशी एकात एक अशा वर्तुळाकार भिंतींचा चक्रव्यूह आहे. त्याचा उपयोग काय होता, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही.

मला सर्वाधिक खिळवून ठेवले ते आबातोन या सुमारे सत्तर मीटर लांबीच्या ओवरीने. स्नान, शुद्धी आणि अर्पण झाल्यावर रुग्ण येथे रात्री झोपत. स्वप्नात देव येऊन बरे करील किंवा उपचार सांगेल, ही त्यांची श्रद्धा होती. बरे झालेल्यांच्या हकिकती शिळांवर कोरून ठेवल्या जात, आणि अशा शिळा आजही वाचता येतात. यूफानेस नावाच्या मुतखडा झालेल्या मुलाला देवाने विचारले, की तुला बरे केले तर मला काय देशील? मुलाने दहा सागरगोटे देऊ केले, देव हसला, आणि सकाळी मुलगा बरा होऊन बाहेर पडला. अथेन्सची अम्ब्रोसिया एका डोळ्याने आंधळी होती; केवळ स्वप्न पाहून लंगडे आणि आंधळे बरे होतात यावर ती आवारात हिंडून हसत असे. देवाने तिला बरे केले, पण अज्ञानाची आठवण म्हणून चांदीचे डुक्कर वाहण्याची अट घातली. ज्यांनी हा मजकूर कोरवला त्या पुजाऱ्यांना अश्रद्ध यात्रेकरूंचा अनुभव चांगलाच होता, हे उघड आहे. शिवाय या आवारात कोणाला मरू दिले जात नसे आणि बाळंतही होऊ दिले जात नसे. पौसानियसच्या काळी रोमन सिनेटर अँटोनिनस याने अशा लोकांसाठी बाहेर निवारा बांधून दिला, तोपर्यंत त्यांचे हाल होत होते. रोगमुक्तीची इतकी कीर्ती असलेल्या स्थानाची ही बाजू मला अस्वस्थ करून गेली.

रुग्ण आणि त्यांचे सोबती येथे मुक्काम करीत, आणि दर चार वर्षांनी अस्क्लेपिओसचा उत्सव भरे, त्यात मैदानी खेळांबरोबर काव्यगायनाच्या स्पर्धाही असत. प्लेटोच्या 'आयन' या संवादातील गायक याच उत्सवातून पहिले बक्षीस जिंकून आलेला आहे. म्हणजे या दगडी पायऱ्या येण्यापूर्वीच येथे श्रोते जमत होते. उत्सवाचे स्टेडियमही अवशेषांत दिसते. धावपटूंच्या प्रारंभरेषेचे दगड तेथे अजून जागेवर आहेत. इ. स. पू. ८६ मध्ये रोमन सेनापती सुल्ला याने देवस्थानाचे धन लुटले, तरी पुढे रोमन काळात त्याला पुन्हा बरे दिवस आले, आणि त्यानंतर ख्रिस्ती धर्माचा प्रसार झाल्यावर ते बंद पडले.

नाट्यगृह मात्र पुन्हा वापरात आले. १९३८ मध्ये तेथे प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसचे 'इलेक्ट्रा' सादर झाले, पन्नासच्या दशकात उन्हाळी नाट्यमहोत्सव सुरू झाला आणि १९६० मध्ये प्रसिद्ध गायिका मारिया कॅलास हिने तेथे 'नॉर्मा' हे ऑपेरा गायिले. जमल्यास प्रयोगाच्या दिवशी जावे. एरवी गेल्यास सकाळी आधी छोटे संग्रहालय, मग आबातोन, थोलोस आणि स्टेडियम असा क्रम ठेवावा आणि नाट्यगृह शेवटी पाहावे. अवशेषांच्या भागात सावली विरळ आहे, त्यामुळे दुपारच्या उन्हाआधी तो भाग संपलेला बरा.