गाडी बाहेर, रंधा आत

लाकूड कोरायच्या पटाशीच्या पात्यावर गंजाचे तपकिरी ठिपके दिसले, त्या दिवशी मी सुतारकामाची कार्यशाळा करण्यासाठी गॅरेज रिकामे करायला घेतले. पटाशी तेल लावून, कापडात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलेली होती आणि खोके जमिनीवर, कोपऱ्यात होते. ते उचलताना बुडाचा पुठ्ठा हातात ओला लागला. वरून पाणी गळण्याचा काही संभव नव्हता आणि जमीन तर दिसायला ठणठणीत कोरडी होती.

काँक्रीटच्या जमिनीखाली ओल अडवणारा थर नसेल, तर जमिनीतला ओलावा काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून सतत वर चढत राहतो. उघड्या जागी तो हवेत उडून जातो, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. हे तपासण्याची पद्धत अगदी सोपी आहे. साधारण 45 सेंटीमीटर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर अंथरून चारही कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि दुसऱ्या दिवशी पाहायचे. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब जमले असतील, तर ओल जमिनीतून येते आहे. वरच्या बाजूला जमले असतील, तर ती दमट हवेची आहे. माझ्या तुकड्याखाली थेंबांची दाट जाळी झाली होती. तेव्हा पहिला नियम ठरला: जमिनीला टेकून काहीही ठेवायचे नाही. जे खालीच राहणार आहे, ते निदान 10 सेंटीमीटर उंचीच्या लाकडी पट्ट्यांवर राहील आणि हत्यारे भिंतीवर जातील.

यानंतर मी जी चूक केली, ती बहुतेक जण करत असावेत. मी आधी फळ्या ठोकल्या. गॅरेज साडेपाच मीटर लांब आणि तीन मीटर रुंद आहे. दोन्ही लांब भिंतींवर 40 सेंटीमीटर खोलीच्या फळ्या बसवल्या, सगळे सामान त्यांवर चढवले आणि जागा नीटनेटकी दिसू लागल्यामुळे काम झाले, असे समजून बसले. मग प्लायवूडचा पहिला पूर्ण ताव आणला. ताव आठ फूट बाय चार फूट, म्हणजे 2440 बाय 1220 मिलिमीटरचा असतो. तो कडेवर उभा धरला, तरी वळवण्यासाठी किमान अडीच मीटरची मोकळी रुंदी हवी आणि माझ्याकडे दोन फळ्यांच्या मधोमध उरली होती सव्वादोन मीटरांपेक्षाही कमी. ताव दारातून आत आला तो सरळ आला आणि सरळच बाहेर गेला. त्या दिवशी करवत अंगणात चालवली.

गॅरेजचे कोठार करायचे असेल, तर भिंती मोजाव्यात. कार्यशाळा करायची असेल, तर मधली मोकळी जमीन मोजावी. मी एका बाजूच्या सगळ्या फळ्या काढल्या. नंतर चौकटीच्या कागदावर 1:20 या प्रमाणात गॅरेजचा आराखडा काढला, त्याच प्रमाणात 12.2 बाय 6.1 सेंटीमीटरचा पुठ्ठ्याचा ताव कापला आणि तो आराखड्यावर सरकवत, फिरवत पाहिला. पुठ्ठ्याचा तुकडा ज्या ज्या ठिकाणी अडला, तिथे प्रत्यक्षात माझी कोपरे खरचटणार होती. हा खेळ भिंतीला एकही भोक पाडण्याआधी खेळायला हवा होता.

कोणते हत्यार कुठे ठेवायचे, हा त्यापुढचा प्रश्न. हत्यारे जातीनुसार लावण्याचा मोह होतो: नट-बोल्ट फिरवायचे सगळे पाने एकत्र, सगळ्या कानशी एकत्र, लहानापासून मोठ्यापर्यंत. दिसायला ते फार देखणे असते. मी मात्र एक वही टांगली आणि पायऱ्यांचा एक छोटा स्टूल करण्याचे काम काढले. कामाच्या टेबलापासून जितक्या वेळा काही आणायला उठावे लागेल, तितक्या वेळा त्या वस्तूच्या नावापुढे एक रेघ. तीन आठवड्यांनी वही पाहिली, तेव्हा माझे अंदाज किती चुकीचे होते, ते कळले. सर्वांत जास्त रेघा पेन्सिल, मोजायचा टेप, गुण्या (काटकोन तपासायचे साधन) आणि क्लॅम्प (लाकूड घट्ट धरून ठेवणारे चिमटे) यांच्यापुढे होत्या. ड्रिल मशिन बरेच खाली होते, कारण एकदा आणले की ते टेबलावरच राहत होते. आणि ज्या पान्यांच्या संचाला मी समोरच्या भिंतीवरची मानाची जागा देणार होते, त्याच्यापुढे फक्त दोन रेघा होत्या. पाने आता दाराजवळच्या खणात आहेत. समोर हात लांबवला की मिळणारी जागा रेघांच्या क्रमाने वाटली गेली.

टेबलाची उंची हा विषय मात्र घाईने उरकण्यासारखा नाही. सरळ उभे राहून हात सैल सोडावेत आणि मनगटाची घडी जमिनीपासून किती उंच आहे, ते मोजावे. सर्वसाधारण कामासाठी टेबल तेवढ्याच उंचीचे असावे. रंधा मारताना अंगाचा भार वरून पडावा लागतो, म्हणून त्या कामाला थोडे खालचे टेबल बरे. बारीक आखणी करायची, तर डोळ्यांजवळ येणारे, उंच टेबल बरे. एकाच टेबलावर सगळे करायचे असल्यामुळे मी 86 सेंटीमीटरवर तडजोड केली आणि आखणीसाठी वर ठेवायला एक ठेंगणी पेटी केली. टेबलाचा माथा 18 मिलिमीटर प्लायवूडचे दोन थर डिंकाने चिकटवून केला आहे. पहिल्यांदा रंधा मारला, तेव्हा टेबल लांबीच्या दिशेने डुलले. पाय जाड असूनही डुलले, कारण चौकट आडव्या ढकलीला दाद देते आणि तिरका आधार मिळाला की तीच चौकट त्रिकोणात बांधली जाते. मागच्या बाजूला एक तिरकी पट्टी ठोकली आणि डुलणे थांबले.

भिंतीवर हत्यारे टांगण्यासाठी मी तिरक्या पट्ट्यांची पद्धत वापरली. प्लायवूडची लांब पट्टी मधोमध 45 अंशांच्या कोनात चिरायची. एक अर्धी भिंतीवर अशी बसवायची की कापलेली कड वर राहील आणि तिचा उतार भिंतीकडे असेल. दुसरी अर्धी उलटी करून हत्याराच्या कप्प्यामागे बसवायची. कप्पा वरून अडकवला की त्याचे वजनच त्याला भिंतीकडे ओढते, आणि जागा बदलावीशी वाटली तर तो उचलून दुसरीकडे नेता येतो. वहीतल्या रेघा दर महिन्याला थोड्या बदलत असल्यामुळे हे सोयीचे ठरले. एक अपघात मात्र झाला. भिंतीतल्या भोकांतली भुकटी न काढताच मी स्क्रू धरून ठेवणारे प्लग ठोकले होते. ते पुरते आत गेले नाहीत आणि क्लॅम्पची अख्खी रांग रात्री धाडकन खाली आली. आता भोक पाडले की आधी त्यात हवा मारते आणि मगच प्लग ठोकते.

वीजजोडणीचे काम मी स्वतः केले नाही आणि कोणी हौसेखातर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जाणकार वायरमनकडून यंत्रांसाठी स्वतंत्र सर्किट आणि 30 मिलिअँपिअर वीजगळती झाली की वीज तोडणारा सुरक्षा-स्विच बसवून घेतला. एक्स्टेन्शनची वायर रिळावर गुंडाळलेली असताना जड यंत्र चालवले, तर वेटोळ्यांतली उष्णता बाहेर पडू शकत नाही आणि आवरण वितळते, म्हणून ती पूर्ण उलगडूनच वापरायची. प्रकाशाच्या बाबतीत एवढेच सांगते की दिवा पाठीमागे असला, तर आपल्याच डोक्याची सावली आखलेल्या रेघेवर पडते. छताच्या मध्यावर असलेला एकुलता एक दिवा काढून मी टेबलाच्या पुढच्या कडेच्या वर दोन लांब एलईडी नळ्या लावल्या.

धूळ आणि आग यांचा विचार मी उशिरा केला, याची खंत आहे. लाकडाची धूळ ही निव्वळ कचरा नव्हे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 साली ती माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात नोंदवली आहे. झाडूने भुसा गोळा होतो, पण सर्वांत बारीक, म्हणजे सर्वांत घातक धूळ पुन्हा हवेत उडते. म्हणून व्हॅक्यूमची नळी थेट यंत्रालाच जोडते आणि पॉलिश पेपर घासताना मुखपट्टी लावते. पेट्रोलचा डबा गॅरेजमधून कायमचा हलवला, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि ग्राइंडरच्या ठिणग्याही नेमक्या तिथेच जाऊन पडतात. जवसाच्या तेलाने माखलेली चिंधी तर त्याहून फसवी. हे तेल सुकते ते उडून जाऊन नव्हे, तर हवेतला प्राणवायू शोषून. त्यात उष्णता निर्माण होते आणि चुरगाळून ठेवलेल्या चिंधीत ती साठत जाऊन चिंधी आपोआप पेटू शकते. अशा चिंध्या मी बाहेर, एकेक पसरून वाळवते.

बारीकसारीक स्क्रूंसाठी पारदर्शक बरण्या केल्या आणि प्रत्येक झाकणावर आतला एक नमुना चिकटवला. मात्र वर्षानुवर्षे साचलेला मिसळलेल्या खिळ्यांचा डबा निवडत बसण्यात एक अख्खी दुपार घालवली, ती दुपार वाया गेली असे मी मानते. उरलेला डबा तसाच भंगारात दिला. आजवर त्यातल्या एकाही खिळ्याची आठवण आलेली नाही.

वहीत टेपपुढे सर्वाधिक रेघा होत्या, म्हणून मी दुसरा टेप आणला. एक टेबलावर आणि एक करवतीजवळ ठेवला. पुढच्याच कामात कप्प्याच्या दोन बाजू एका मिलिमीटरने कमीजास्त आल्या. टेपच्या टोकाचा हूक किंचित सैल असतो आणि तो दोष नसतो. कडेला अडकवून मोजताना हूक पुढे सरकतो, आतून टेकवून मोजताना मागे सरकतो, आणि हे सरकणे बरोबर हुकाच्या जाडीइतके ठेवलेले असल्यामुळे दोन्ही मापे अचूक येतात. माझा जुना टेप अनेकदा खाली पडला होता आणि त्याचा हूक वाकला होता. दोन्ही टेप एकाच फळीवर शेजारी शेजारी ताणून धरले, तेव्हा फरक स्पष्ट दिसला. जुन्या टेपवर लाल पट्टी चिकटवून त्याला बागेच्या कामाला पाठवले. नवा एकच आता कमरेला अडकवलेला असतो आणि वहीत त्याच्यापुढे रेघ ओढावी लागत नाही.