तुम्ही विचारलंत म्हणून: दादाशी अबोला का?

लग्नात, बारशात, परवा तर गावदेवीच्या मंडईत भेंडी निवडताना. "दादाशी अजून अबोला का गं? बाबा गेल्यावर तरी एकत्र यायचं." तीन वर्षं मी "आहे आमचं आमच्यात" म्हणून वेळ मारून नेली. आता एकदाच सांगते. आणि नाही, जागेवरून नाही. वर्तकनगरची जागा आईच्या नावावर आहे, दादाने त्याबद्दल कधी चकार शब्द काढलेला नाही.

बाबांचं स्वादुपिंड, परळच्या फेऱ्या, मग 'आता घरीच ठेवा', हे सगळं तुम्हाला पाठ आहे. शेवटचे अकरा आठवडे मॉर्फिनवर होते. दहा मिलिग्रॅमची गोळी सकाळी सहा, दहा, दोन, सहा, आणि रात्री दहाला दोन एकदम, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. मध्येच दुखलं तर एक जास्तीची द्यायची आणि वहीत लिहायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. वही मीच लिहायचे. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने या औषधाचा इतका धसका बसलाय की २०१४ मध्ये तो सैल केला तरी आमचा कोपऱ्यावरचा केमिस्ट नाव काढलं की मान हलवायचा. गोळ्या संपत आल्या की परळ. म्हणजे एकेक गोळी मोजून असायची.

त्या रात्री दहाला नवीन पाकीट फोडलं, दोन दिल्या. तीनच्या सुमाराला बाबा कण्हायला लागले. कण्हणं म्हणजे तुम्ही समजता तसं नव्हे, एकसुरी, दाराच्या बिजागरीसारखं. आई आतल्या खोलीत झोपेची गोळी घेऊन. गिळणं जवळजवळ बंद झालं होतं, म्हणून चमच्याच्या पाठीने गोळी चुरली, दोन थेंब पाण्यात कालवली आणि गालाच्या आत सोडली. वहीत '३.१० – १' लिहिलं. मग खुर्चीत टेकले. कण्हणं थांबलं होतं की मला ऐकू येत नव्हतं, सांगता येत नाही. अकरा आठवड्यांत सलग तीन तास झोपले नव्हते. एवढं आठवतं की 'सुटू दे आता' असं मनात आलं. बाबांसाठी आलं असं मी सगळ्यांना सांगते. निम्मं माझ्यासाठी होतं.

पाच चाळीसला गेले. एअर बेडचा पंप बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. गादीचा एक पट्टा फुगायचा, दुसरा बसायचा, आणि बाबांचा खांदा हलल्यासारखा वाटायचा. आई दोनदा धावली.

दादा साडेनऊला पुण्याहून पोचला. डॉक्टर दाखला देऊन गेले होते, जवाहरबागेत किती वाजता न्यायचं त्याचे फोन चालू होते. तो बाबांच्या पायाशी बसला, रडला. मग उठला, टेबलावरची वही उघडली आणि गोळ्यांचं पाकीट हातात घेतलं. अंगठ्याने एकेक फुगवटा दाबत मोजलं. सहा. दहातून दोन आणि एक गेली, तर सात हव्यात.

"किती दिलीस गं तायडे?"

एवढंच. आवाज चढवून नाही. पण बाबा अजून खाली चटईवर होते. मी म्हटलं, "तू शनिवारी येऊन रविवारी जाणारा, तू मला हिशोब विचारतोस?" त्यानंतर बोलणं नाही.

डॉक्टरांना मी नंतर विचारलं. म्हणाले, इतके आठवडे ज्यांना हा डोस चालू आहे त्यांना एका गोळीने काही होत नाही, ते शेवटालाच आले होते. हे दादालाही सांगता आलं असतं. नाही सांगितलं. त्याने विचारायलाच नको होतं, असं वर्षभर वाटत राहिलं. आता वाटतं, शनिवारी येऊन बाबांची दाढी करणारा, अंग पुसणारा, बेडचं भाडं भरणारा तोच होता. त्याने नाही तर कुणी विचारायचं? पण दुसऱ्या दिवशी वाटतं, अकरा आठवडे रात्री कुणी काढल्या? आणि पुन्हा पहिल्यापासून.

सातवी गोळी कुठे गेली? पलंगाखाली पडली असेल. चुरताना उडाली असेल. खुर्चीतून चारला उठून मी अर्धवट झोपेत अजून एक दिली असेल. मी पलंग हलवून पाहिला होता, झाडूही फिरवला होता.

त्याच सकाळी, सातच्या आत. दादा खोपोलीपर्यंतही पोचला नव्हता तेव्हा मी ते पाकीट मोजलं होतं. दोनदा.