नंदी नसलेले शिवमंदिर आणि इतर काही आख्यायिका

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी खिद्रापूर नावाचे गाव आहे आणि तेथील कोपेश्वराच्या मंदिरात नंदी नाही. शिवाच्या देवळात शिरताना आपली पावले सवयीने नंदीपाशी थबकतात, त्याच्या दोन शिंगांमधून पिंडीकडे पाहण्याची रीत आपल्याला लहानपणीच शिकवलेली असते, त्यामुळे ती जागा रिकामी दिसली की पहिला प्रश्न तोच मनात येतो. या प्रश्नाचे उत्तर गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. दक्षाने यज्ञ मांडला आणि जावयाला आमंत्रण दिले नाही. तरीही सती माहेरच्या ओढीने निघाली, तेव्हा शंकराने नंदीला तिच्यासोबत पाठवले. पुढे सतीने यज्ञकुंडात देह टाकला, शंकर कोपला आणि त्याचा कोप शमवण्यासाठी विष्णू त्याच्याजवळ येऊन बसले. म्हणून खिद्रापूरच्या गाभाऱ्यात कोपेश्वराचे आणि धोपेश्वराचे, म्हणजे विष्णूचे, अशी दोन लिंगे आहेत. नंदी मात्र सतीबरोबर गेला तो परतलाच नाही. तो कर्नाटकातील यडूर येथे आहे, असे सांगतात. यडूरचे देवस्थान वीरभद्राचे आहे, म्हणजे ज्याने दक्षाचा यज्ञ उधळला त्याचेच, हे ध्यानात घेतले की दोन गावांमधला हा धागा किती विचारपूर्वक विणलेला आहे, ते कळते.

मला ही कथा फार मोलाची वाटते. ती देवळातल्या एका खऱ्याखुऱ्या उणिवेकडे बोट दाखवते, गाभाऱ्यात दोन लिंगे का, याचेही उत्तर देते आणि शेजारच्या क्षेत्राशी नाते जोडते. आख्यायिका ऐकताना ती खरी की खोटी, हा वाद घालत बसण्यापेक्षा ती नेमक्या कोणत्या दगडाबद्दल बोलते आहे हे पाहावे, असे माझे मत हळूहळू पक्के होत गेले आहे. जुनी आख्यायिका आपल्याला देवळाच्या जवळ नेते. याउलट ‘शास्त्रज्ञही थक्क झाले’ अशा मथळ्यांखाली हल्ली जी रहस्ये फिरतात, ती बहुतेक वेळा आपल्याला देवळापासून दूर नेतात, आणि ज्यांनी ते घडवले त्यांचे श्रेय तर सरळसरळ काढून घेतात. हे मला मनापासून खुपते.

खिद्रापूरचाच स्वर्गमंडप घ्या. मुख्य मंदिराच्या पुढे हा अठ्ठेचाळीस खांबांचा मंडप आहे आणि त्याचे छत मधोमध उघडे आहे. कातीव खांबांची वर्तुळे एकाबाहेर एक अशी रचलेली आहेत, आतल्या वर्तुळावर कार्तिकेय आणि आपापल्या वाहनांवर बसलेले दिक्पाल कोरलेले आहेत आणि त्यांच्या डोक्यावर आकाशाचा गोल तुकडा दिसतो. त्या गोलाच्या बरोबर खाली, जमिनीवर, जवळजवळ तेवढ्याच व्यासाची एक गोल शिळा बसवलेली आहे. तिच्यावर उभे राहून मान वर केली की आजूबाजूचे खांब नजरेतून निघून जातात आणि फक्त कड्याची कोरीव किनार आणि आभाळ उरते. त्रिपुरी पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र या झरोक्याच्या माथ्यावर येतो आणि ते पाहायला दूरदूरचे लोक जमतात.

याला चमत्कार म्हणून सोडून देणे सोपे आहे, पण त्यामागचे गणित अधिक सुंदर आहे. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या समोरच्या दिशेला असतो. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण सोळा ते एकवीस अंशांवर असतो, त्यामुळे चंद्र जवळपास तेवढाच उत्तरेला असतो. आणि खिद्रापूर उत्तर अक्षांश १६.७ च्या आसपास आहे. म्हणजे त्या रात्री चंद्र या गावाच्या जवळजवळ डोक्यावरूनच जाणार. चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली असल्यामुळे दरवर्षी तो तंतोतंत मध्यावर येईलच असे नाही, कधी तो थोडा उत्तरेला तर कधी दक्षिणेला सरकतो. झरोका होमाचा धूर जाण्यासाठी ठेवला असावा, असेही सांगितले जाते, आणि दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असायला काहीच हरकत नाही. हे मंदिर शिलाहारांच्या काळात, बाराव्या शतकात उभे राहिले आणि दक्षिण दाराजवळ यादव राजा सिंघणदेवाचा शके ११३६ चा दानलेख आहे. आपल्या गावावरून चंद्र कोणत्या महिन्यात माथ्यावरून जातो हे त्या काळच्या माणसांना ठाऊक नसेल, असे मानायला मला तरी काही कारण दिसत नाही.

त्याच जिल्ह्यात, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात होणारा किरणोत्सव याच जातीचा आहे. देवी पश्चिमाभिमुख आहे. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणे महाद्वारातून, गरुड मंडपातून आत येत पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचतात. या तारखा कोणी सहज ठरवलेल्या नाहीत. डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस मध्ये धरला तर दोन्ही पर्वे त्याच्या दोन बाजूंना सुमारे सहा-सहा आठवड्यांवर येतात, म्हणजे दोन्ही वेळा सूर्य क्षितिजावर जवळपास त्याच जागी मावळतो. बाहेरच्या इमारती, हवेतला ओलावा आणि ढग यांमुळे एखाद्या वर्षी किरणे चरणांपर्यंतही पोहोचत नाहीत, तेव्हा भाविकांना वाटणारी हळहळ मी समजू शकतो. रहस्याची नव्हे, तर वाट मोकळी ठेवण्याची काळजी करावी अशी ती गोष्ट आहे.

वेरूळच्या कैलास लेण्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण परग्रहवासीयांच्या नावावर सर्वांत जास्त खपवले गेलेले आपले मंदिर तेच आहे. डोंगर वरून खाली फोडत कोरलेले हे देऊळ, सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद अंगणात उभे आहे आणि मागचा कडा शंभर फुटांहून उंच आहे. माणसाला हे जमणे शक्य नाही, असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच मराठीत सांगितलेली कथा ऐकलेली नसते. कृष्ण याज्ञवल्की यांच्या ‘कथाकल्पतरू’ या जुन्या मराठी ग्रंथात ती आली आहे. एलू राजाला व्याधी जडली होती. राणी माणिकावतीने घृष्णेश्वराला नवस केला की राजा बरा झाला तर देऊळ बांधीन आणि त्याचा कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा म्हैसमाळच्या तीर्थात नाहून बरा झाला. शिल्पी बोलावले गेले, पण देऊळ पायापासून कळसापर्यंत न्यायला किती महिने लागतील, हे ऐकून राजा हवालदिल झाला, कारण तेवढे दिवस राणी उपाशी कशी राहणार? तेव्हा पैठणचा कोकस नावाचा शिल्पी पुढे आला आणि आठवड्याच्या आत कळस दाखवतो म्हणाला. त्याने डोंगराच्या माथ्यावरूनच काम सुरू केले, कळस आधी घडला, राणीने उपवास सोडला आणि बाकीचे देऊळ नंतर खाली उतरत गेले.

या कथेत व्याधी, नवस आणि तीर्थ हा भाग आपल्याला अनेक स्थळपुराणांत भेटतो. पण तिच्या गाभ्यात जे आहे ते तंत्र आहे. हे देऊळ पायापासून वर चढलेले नाही, शिखरापासून खाली उतरलेले आहे, ही या वास्तूची सर्वांत महत्त्वाची गोष्ट लोककथेने शतकानुशतके जपली, आणि तीही नवसाच्या गोष्टीत इतक्या नेमकेपणाने गुंफून की ऐकणारे पोरही ती विसरणार नाही. तीन बाजूंनी चर खणायचे, मधला प्रचंड खडक सुटा करायचा आणि माथ्यापासून कोरत यायचे, या पद्धतीत उंच परांची लागत नाही, मात्र एकदा चुकीचा घाव बसला की तो सांधता येत नाही. कोकस हा निव्वळ कल्पनेतला नसावा, असे म्हणायलाही जागा आहे. मध्य भारतातील काही मध्ययुगीन शिलालेखांत शिल्पी स्वतःला कोकसाच्या कुळातले म्हणवतात.

आणि ताम्रपट आहेच. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याने आठव्या शतकात हे काम करवले आणि वडोद्याला मिळालेल्या, इ.स. ८१२ च्या कर्कराजाच्या ताम्रपटात एलापूरच्या या देवालयाचे वर्णन आहे. विमानांतून जाणारे देव ते पाहून थक्क होतात आणि हे स्वयंभू असणार, घडवलेल्या वस्तूत एवढी शोभा नसते, असे म्हणतात. आणि खुद्द ज्याने ते घडवले तो शिल्पीही, हे माझ्या हातून कसे झाले, पुन्हा असे जमणार नाही, म्हणून विस्मित होतो. आश्चर्य तेव्हाही होतेच. पण त्या आश्चर्यात शिल्पी हजर होता, आपल्याच कामापुढे उभा होता.

तंजावरच्या बृहदीश्वराचेही हेच झाले आहे. त्याच्या विमानाची, म्हणजे गाभाऱ्यावरच्या उंच शिखराची, सावली दुपारी जमिनीवर पडत नाही, ही गोष्ट आवडीने सांगितली जाते आणि ती पटत नसेल तर अंगणात उभे राहून पाहता येते, सावली पडते. मला खरे नवल वाटते ते भिंतींचे. १०१० मध्ये पूर्ण झालेल्या या मंदिरावर राजराज चोळाने लेखच लेख कोरवून घेतले, त्यांत दाने आहेत, दागिने आहेत, देवळाच्या सेवेत आणलेल्या चारशे नर्तकींची नावे आहेत, आणि कुंजरमल्लन राजराज पेरुंतच्चन हे प्रमुख स्थपतीचे नावही आहे. ज्याचे नाव दगडात कोरून ठेवले आहे, त्याला विसरून आपण सावलीच्या मागे का लागतो?

कोणार्कची आख्यायिका या बाबतीत फार थोर आहे. राजा नरसिंहदेवाने तेराव्या शतकात सूर्याचा हा रथ उभारला. कथेनुसार बाराशे कारागीर बारा वर्षे खपले, पण शेवटचा कळस काही केल्या बसेना आणि ठरलेल्या दिवशी काम झाले नाही तर सर्वांची डोकी उडवण्याचा हुकूम निघाला. प्रमुख शिल्पी बिशू महाराणा याचा, जन्मल्यापासून बापाला न पाहिलेला बारा वर्षांचा मुलगा धर्मपद, नेमका तेव्हा त्याच्या शोधात तेथे पोहोचला आणि त्याने कळस बसवला. मग कारागिरांना नवीच भीती वाटली की बाराशे जणांना जे जमले नाही ते एका पोराने केले, हे राजाला कळले तर आपली धडगत नाही. आणि त्या मुलाने शिखरावरून समुद्रात उडी घेतली. राजाच्या वैभवाची कथा सांगणे सोपे होते, पण ओडिशाच्या लोकांनी कारागिरांच्या भीतीची कथा जपली. कळसातल्या लोहचुंबकाने जहाजे ओढली जात, ही गोष्टही तिथे ऐकायला मिळते. देवळात लोखंडी तुळया खरोखर वापरल्या होत्या आणि त्या आजही आवारात पडलेल्या दिसतात, त्यामुळे ती गोष्ट कोठून आली असेल याचा अंदाज बांधता येतो. पण चुंबकाची गोष्ट ऐकून मी फक्त चकित होतो आणि धर्मपदाची ऐकली की त्या उंचीवर चढलेल्या माणसांचा विचार करत राहतो.

सगळ्याच आख्यायिका अशा नसतात, हेही मान्य केले पाहिजे. पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधले, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या देवळांना चिकटवलेली आहे आणि काम अपुरे दिसले तर कोंबडा आरवला म्हणून सांगतात. अंबरनाथच्या शिवमंदिराबद्दलही पांडवांचेच नाव घेतले जाते, जेव्हा की तेथेच सापडलेल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, हा काळ आणि शिलाहार राजा माम्वाणीचे नाव आहे.

हरिश्चंद्रगडावरच्या केदारेश्वराची गोष्ट मला याहून वेगळी वाटते. गुहेत कमरेइतक्या गार पाण्यात मोठे लिंग आहे, भोवती चार खांब होते आणि त्यांतला एकच आता शाबूत आहे. चार खांब म्हणजे चार युगे, तीन पडली, चौथा पडला की कलियुग संपेल, असे सांगतात. उघडच ही कथा या रूपात तीन खांब तुटल्यानंतरची असणार. त्याआधी, दोन खांब उभे असताना किंवा चारही उभे असताना, पायथ्याच्या गावांतली माणसे या गुहेबद्दल काय सांगत असतील, हे जाणून घेण्याची मला फार उत्सुकता आहे. पाचनई किंवा खिरेश्वरच्या कोणाच्या घरात आजी-आजोबांकडून ती गोष्ट वेगळ्या तऱ्हेने ऐकलेली असेल, तर ती त्यांच्याच शब्दांत, गाळलेल्या जागा न भरता, लिहून ठेवावी अशी माझी आग्रहाची विनंती आहे.