परण्यातला ‘सप्टेंबर’

मी पुण्यात की-बोर्ड वाजवते आणि नाटकांसाठी, शाळांच्या संमेलनांसाठी, छोट्या ऑर्केस्ट्रांसाठी गाणी बसवून देते. लग्नाच्या बँडचं काम माझ्याकडे सहसा येत नाही. साताऱ्याजवळच्या एका लग्नाचं आलं, ते थेट नवरीकडून. परण्याला, म्हणजे नवरदेवाला वाजतगाजत मांडवात आणायच्या मिरवणुकीला, डीजे नको, बँडच हवा, आणि त्या बँडने ‘अर्थ, विंड अँड फायर’ या अमेरिकन बँडचं ‘सप्टेंबर’ हे गाणं वाजवायचं, एवढीच तिची मागणी. दोघांची ओळख त्याच गाण्यावर नाचताना झालेली. बँडच्या मास्तरांनी मोबाइलवर गाणं ऐकलं आणि निरोप धाडला, “वाजवतो, पण बसवून द्यायला माणूस पाठवा.”

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. लग्नसराई जोरात, आदल्या रात्रीपर्यंत बँड दुसऱ्या सुपारीवर, त्यामुळे तालमीला मिळाली ती फक्त लग्नाच्या दिवसाची सकाळ. मी पोचले तेव्हा बँडच्या दुकानाचं शटर अर्धंच वर होतं. आत खुंट्यांवर लाल कोट, भिंतीला टेकवलेला मोठा ढोल आणि जमिनीवर मांडी घालून क्लॅरिनेटची रीड तोंडात भिजवत बसलेले एक साठीचे दादा.

हे गाणं १९७८ चं, शिकागोत सुरू झालेल्या बँडचं. बँडचा प्रमुख मॉरिस व्हाइट मुळात ड्रमवादक. शिकागोच्या चेस रेकॉर्ड्स या रेकॉर्ड कंपनीत इतरांच्या गाण्यांना ड्रम वाजवत तो तयार झाला. त्याचा भाऊ व्हर्डीन बेसवर. आणि त्यांच्या मागे ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोनवाल्यांचा एक ताफा, ज्याला ‘फिनिक्स हॉर्न्स’ म्हणायचे. ते तोंडाने फुंकायच्या वाद्यांवर उभं असलेलं गाणं आहे, म्हणूनच नवरीचा हट्ट मला पटला होता. गिटारच्या किंवा सिंथच्या गाण्याची ब्रास बँडवर ओढाताण होते. इथे तसं होणार नव्हतं.

पहिली अडचण सुराची. मूळ गाणं ए मेजरमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत पांढरी सहा, पेटीची सहावी पांढरी पट्टी सा धरून. मी सा रे ग म लिहिलेले कागद वाटले, दादांनी दोन ओळी वाजवल्या आणि क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं.

“मॅडम, पांढरी सहात बोटं अडकत्यात. काळी पाचात घ्या की. आमची समदी वाद्यं तिथंच मोकळी हुत्यात.”

त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. हे क्लॅरिनेट आणि ट्रंपेट बी फ्लॅटचे, म्हणजे त्यांचा जन्मच काळी पाचचा. पांढरी सहात वाजवायचं तर वादकाला पाच शार्प, म्हणजे अर्ध्या सुराने चढवलेले पाच सूर, सांभाळत बोटं फिरवावी लागतात; अर्ध्या सुराने वर काळी पाचात गेलं की तेच गाणं सरळ सोप्या बोटांत येतं. ट्रंपेटला तर षड्जासाठी एकही चावी दाबावी लागत नाही. नुसता दम. मी लगेच पट्टी बदलली आणि गाणं खरोखर उजळलं. आपल्याकडे नोटेशन न शिकलेल्या बँडवाल्यांना कमी लेखायची वाईट खोड आहे. या दादांना कोणत्या पट्टीत कोणतं वाद्य हसतं हे बोटांनी माहीत होतं, आणि मी पुस्तकातून शिकले ते हेच.

दुसरी अडचण ठेक्याची. साइड ड्रमवरचा विशीतला पोरगा हाताने भलताच तयार होता, पण हात रिकामा राहिला की त्याला चैन पडत नव्हतं. प्रत्येक जागा तो भरून टाकायचा. मी त्याला म्हटलं, “भरू नकोस रे. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर काठी कडक, बाकी सगळं हलकं. लोकांना पाय ठेवायला जागा सोड.” मिनिटाला सव्वाशेच्या आसपास ठोके, म्हणजे ना धावपळ ना रेंगाळणं. त्याला ते पटायला वेळ लागला. बेसची ओळ युफोनियम या जाड आवाजाच्या पितळी वाद्याला दिली आणि ती ओळ खाली चालायला लागली, तेव्हा पोराचा हात आपोआप हलका झाला. ते दोघं एकमेकांकडे बघून हसले आणि मग थांबेचनात.

राहिला मुखडा. इंग्रजी शब्द गाणारं बँडमध्ये कोणी नव्हतं आणि ते गरजेचंही नव्हतं. या गाण्याचा मुखडा सुरू होतो ‘बा-दी-या’ या तीन अक्षरांनी, आणि त्यांना काही अर्थ नाही. गाण्याची सहगीतकार अ‍ॅली विलिस. शब्द हे तिचं काम, त्यामुळे ही अक्षरं तिला खटकत होती. शेवटी तिथे खरे शब्द येतीलच असं ती धरून चालली होती. व्हाइटने ती बदलली नाहीत. पुढे ती मुलाखतींमधून सांगायची की शब्दांना कधी ठेक्याच्या आड येऊ द्यायचं नाही, हा तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा धडा त्या माणसाने दिला. गाण्यातली एकवीस तारीखसुद्धा, तिच्या सांगण्याप्रमाणे, म्हणायला चांगली वाटली म्हणून आली.

चहा पिताना मी हे सगळं सांगितलं, तर मास्तर म्हणाले, “मग ही तर झील झाली.”

मास्तरांचे वडील तमाशात ढोलकी वाजवायचे. शाहिराने ओळ टाकायची आणि मागच्या झीलकऱ्यांनी ‘जी जी रं जी’ म्हणून ती उचलायची, हे त्यांच्या कानात लहानपणापासून मुरलेलं. “जी जी ला तरी काय अर्थ हाय? पण ती न्हाई तर पवाडा उठतच न्हाई.” मी इतकी वर्षं हे गाणं ऐकतेय, शिकवलंही आहे, पण इतकं नेमकं कोणी बोललं नव्हतं. मास्तरांनी तिथल्या तिथे वाटणी केली: तीन अक्षरं ट्रंपेटने टाकायची, पुढची ओळ क्लॅरिनेटने उचलायची, आणि ट्रंपेटबरोबर सगळ्यांनी, ढोलवाल्यानेसुद्धा, तोंडाने ओरडायचं. बसवणारी मी, पण गाणं उभं राहिलं ते या वाटणीवर.

संध्याकाळी नवरदेव मारुतीच्या देवळातून निघाला. आधी नेहमीची दोन-तीन गाणी झाली, पोरं नाचून घामाघूम झाली. मग मास्तरांनी हात वर केला आणि ‘सप्टेंबर’ सुरू झालं.

गर्दी थांबली. अनोळखी चाल. पोरं हात खाली सोडून एकमेकांकडे बघायला लागली. ऑफिसची आठ-दहा मंडळी तेवढी नाचत होती, बाकी सगळा परण्या नुसता उभा. अंतऱ्याची चाल दादांनी क्लॅरिनेटवर अशी वाजवली की त्यात थोडी हुरहूर उतरली, आणि ती मूळ गाण्यातही आहे. ऐकणाऱ्याच्या फार ध्यानात येत नाही, पण त्यातला माणूस डिसेंबरमध्ये उभा राहून सप्टेंबरमधली रात्र आठवतोय. चाल मेजरमधली असली तरी खाली मायनर, म्हणजे उदास छटेचे, कॉर्ड सारखे येत राहतात. निव्वळ गोड गाणं दोनदा ऐकलं की पुरे होतं. हे पुरे होत नाही ते या हुरहुरीमुळे, असं माझं ठाम मत आहे.

मग मुखडा आला. ट्रंपेट, आणि सोबत लाल कोटातल्या पंधरा-सोळा गड्यांचा खणखणीत ‘बा-दी-या!’ पहिल्या वेळी लोक हसले. दुसऱ्या वेळी पोरांनी आवाज दिला. तिसऱ्या वेळी सगळी गल्ली ओरडली. कोणाला शब्द शिकायचे नव्हते, विसरायचे नव्हते, चुकायचेही नव्हते. माझ्या अगदी पुढ्यात करवली होती, आठवी-नववीतली. तिच्या हातात कऱ्हा, त्यावर नारळ, टाळी वाजवायची सोय नाही. ती कोपर अंगाशी घट्ट धरून जागच्या जागी उड्या मारत होती, कऱ्ह्यावरचा नारळ लटपटत होता, शेजारच्या काकू एका हाताने तो नारळ दाबून धरत होत्या आणि त्याही ओरडत होत्या. साइड ड्रमवाला पोरगा एकही जागा भरत नव्हता. दुसरी, चौथी. दुसरी, चौथी. लोकांचे पाय बरोबर त्या मोकळ्या जागेत पडत होते.

रेकॉर्डवर हे गाणं साडेतीन मिनिटांत संपतं. मास्तर मुखडा संपत आला की हात गोल फिरवायचे, की पुन्हा पहिल्यापासून. मांडवाच्या कमानीपर्यंत हेच एक गाणं चाललं. नवरी वरच्या खोलीच्या खिडकीत मुंडावळ्या बांधून उभी होती आणि तीही तिथून तीच तीन अक्षरं खाली टाकत होती. भटजी घड्याळ दाखवत होते. मला रडू येत होतं आणि मी ते थांबवलं नाही.

मंगलाष्टकांनंतर पंगतीत दादा माझ्या शेजारी बसले. जेवताना ते फारसं बोलले नाहीत, फक्त डाव्या हाताची बोटं मांडीवर मुखड्याच्या चालीत चालत होती. मास्तर मात्र वाढपी पुढे जायच्या आत म्हणाले, “मॅडम, अजून एक असलंच द्या. कोरेगावची सुपारी हाय.”

मी त्यांना ‘अ‍ॅबा’चं ‘डान्सिंग क्वीन’ द्यायचं ठरवलंय. १९७६ चं, स्वीडनचं. तेही मुळात पांढरी सहातलं, तेव्हा तेही काळी पाचात नेणार. प्रश्न उरलाय तो सुरुवातीचा: तिथे पियानोवर बोट सर्रकन घसरवून एक लहर सोडलीय आणि तिच्याशिवाय ते गाणं सुरूच होत नाही. दादांना फोनवर विचारलं, तर त्यांनी क्लॅरिनेट उचलून तिथूनच एक मींड ऐकवली आणि म्हणाले, “अशी पायजे का? वरून खाली आणू, का खालून वर न्हेऊ?”