आईचे फोटो आणि दोन चौकोनी कंस

आजचा अख्खा रविवार जुन्या डेस्कटॉपपुढे गेला. २ जीबी रॅमचं मशीन, त्यावर लुबुंटू, म्हणजे उबुंटू या लिनक्सचा हलका अवतार, आणि आईचे स्कॅन केलेले फोटो पेनड्राइव्हवर कॉपी करायची माझी एक छोटी शेल स्क्रिप्ट, म्हणजे कमांड लिहिलेली फाइल; त्या वाचून चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे शेल. लॅपटॉपवर बॅश नावाच्या शेलने मस्त चालायची, इथे एसएच (sh) या कमांडने रन केली तर एकही फोटो हलेना, एरर काय तर म्हणे [[ हे दोन चौकोनी कंस सापडत नाहीत. अहो समोर दिसतायत की!

दोन तास नुसती डोकेफोड, मग उलगडलं. उबुंटूमध्ये २००६ च्या ६.१० पासून एसएच म्हणजे बॅश नाहीच, डॅश नावाचा दुसरा शेल आहे. हलका, झटपट सुरू होणारा, पण अट तपासायचे दुहेरी कंस ही बॅशची सोय, ती त्याला ठाऊक नाही, त्यामुळे तो कंसांनाच कमांड समजून शोधत बसतो. एकेरी कंस चालतो, कारण ती खरोखरच एक कमांड आहे, म्हणून तर त्याच्यानंतर स्पेस सोडावीच लागते. किती वर्षं ती स्पेस सवयीने देत होतो, कारण आज कळलं आणि खरंच भारी वाटलं.

पुढे 'आई लग्न' फोल्डर अडलं. नावात स्पेस, त्यामुळे शेलने त्याचे दोन तुकडे केले, 'आई' वेगळी, 'लग्न' वेगळं. स्क्रिप्टमध्ये फोल्डरचं नाव ज्यात साठवलं होतं त्या व्हेरिएबलला डबल कोट (" ") लावले आणि सगळं सुरळीत.

संध्याकाळी आईला पहिला फोटो दाखवला. बराच वेळ नुसती बघत बसली, मग म्हणाली, ही नथ माझ्या आजीची.