सनफिल्मची नोंद: नवतपाच्या आधी सिरॅमिक की मेटॅलिक

घर नागपुरात, काम कोराडीला. सकाळी उत्तरेकडे जाताना ऊन उजव्या अंगाला, संध्याकाळी परतताना पुन्हा उजव्याच अंगाला. एप्रिल लागला की एसी कितीही वाढवा, स्टिअरिंगवरचा उजवा हात कोपरापर्यंत भाजून निघतो. यंदा नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांच्या, आधी गाडीच्या बाजूच्या चारही काचांना ऊन अडवणारी फिल्म लावायचीच, पण आधी मोजून, असं ठरवलं. त्या मोजमापाच्या या नोंदी.

१२ एप्रिल

दोन दुकानं फिरलो. दोन्हीकडे एकच प्रयोग: हीट लॅम्प, त्याच्यापुढे फिल्म लावलेली काच आणि "भाऊ, हात लावून पाहा ना!" सिरॅमिकच्या काचेमागे हात खरंच गार राहतो. मी लॅम्प पाच मिनिटं तसाच सुरू ठेवायला लावला. हळूहळू काच स्वतःच तापली आणि तिचा शेक हाताला लागायला लागला.

कारण सरळ आहे. मेटॅलिक फिल्ममध्ये पॉलिएस्टरवर अॅल्युमिनियम किंवा निकेल-क्रोमचा अतिशय पातळ थर असतो, तो ऊन बाहेर परतवतो. सिरॅमिकमधले टायटॅनियम नायट्राइड किंवा अँटिमनी-टिन ऑक्साइडचे अतिसूक्ष्म नॅनोकण इन्फ्रारेड, म्हणजे उन्हातले डोळ्यांना न दिसणारे किरण, बहुतांश शोषतात. ती उष्णता काचेत मुरते, मग थोडी बाहेर जाते, थोडी आत येते. काही सेकंदांच्या लॅम्पसमोर हे कळतच नाही.

डब्यावरचा "आयआर ९५ टक्के", म्हणजे ९५ टक्के इन्फ्रारेड अडवल्याचा आकडाही असाच पारखून घ्यायचा. उन्हाच्या ऊर्जेत इन्फ्रारेडचा वाटा साधारण निम्मा, उरलेली बहुतेक दिसणाऱ्या प्रकाशातून येते. शिवाय हा आकडा कित्येकदा तरंगलांबीच्या एका अरुंद पट्ट्यापुरता काढलेला असतो. विचारायचा तो टीएसईआर, म्हणजे एकूण सौरऊर्जेपैकी किती अडली. एका दुकानदाराने तो लगेच दाखवला, दुसऱ्याने विषय बदलला. काम पहिल्याकडेच द्यायचं ठरलं.

१९ एप्रिल

आज फक्त गुणाकार केला, आणि खरा निर्णय इथेच लागला असं मला वाटतं.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०० सांगतो की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. २७ एप्रिल २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने काचेवर वरून काहीही चिकटवायला मनाई केली. पुढे १ एप्रिल २०२१ पासून नियमात 'सेफ्टी ग्लास'च्या जागी 'सेफ्टी ग्लेझिंग' आलं, त्यात आतून प्लास्टिकचा थर असलेली काचही बसते. त्याच आधारावर केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये मर्यादेतली फिल्म मान्य केली. नाक्यावरच्या हवालदाराशी यावरून वाद घालण्यात मला रस नाही. काचेतून किती प्रकाश आत येतो ते मोजणारा मीटर लावला तर काच पास व्हावी, एवढी माझी अट आहे.

मीटरने माझी कोरी काच ७७ टक्के दाखवली. कंपनीची काच मुळातच हिरवट असते, हे आपण विसरतो. तिच्यावर "७० टक्के"ची, म्हणजे तेवढा प्रकाश आत सोडणारी, फिल्म लावली की ०.७७ गुणिले ०.७०, म्हणजे जेमतेम ५४. "५० टक्के"ची लावली तर ३८, सरळ नियमाबाहेर. पुढच्या काचेचं गणित तर बसतच नाही: ७७ वरून ७० च्या वर राहायचं तर फिल्म निदान ९१ टक्क्यांची हवी. पुढची आणि मागची काच मी कोरीच ठेवतोय.

त्यामुळे फास्टॅगचा मुद्दाही माझ्यापुरता निकालात निघाला. धातूचा थर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा सिग्नल अडवतो हे खरं, पण टॅग पुढच्या काचेला आहे आणि तिथे फिल्मच नाही. जीपीएसलाही तीच मोकळी काच पुरते. हे कारण सांगून कोणी सिरॅमिक विकत असेल, तर आधी विचारा की फिल्म नेमकी कोणत्या काचेला लागणार आहे.

१७ मे

अंगणात गाडी उत्तर-दक्षिण उभी केली. उजवीकडच्या पुढच्या दाराच्या काचेला ७० ची सिरॅमिक, त्याच बाजूच्या मागच्या दाराच्या काचेला ५० ची मेटॅलिक, दोन्ही पाण्यावर तात्पुरत्या बसवलेल्या. दोघींचा टीएसईआर लेबलवर जवळपास सारखा. सावलीतलं तापमान ४३.

चकचकीत पृष्ठभागावर इन्फ्रारेड थर्मामीटर फसतो, म्हणून काचेच्या आतून मास्किंग टेप लावून टेपचं तापमान घेतलं. मेटॅलिक ५१, सिरॅमिक ५६. आत उन्हाच्या पट्ट्यात ठेवलेला काळा कपडा मात्र दोन्हीकडे ५७ च्या आसपास. काच खाली केली तर तोच कपडा ६६ वर गेला.

म्हणजे सिरॅमिकची काच जास्त तापते, पण आत येणारी उन्हाची उष्णता तितकीच. फरक प्रकाशाचा: एका काचेतून ५४ टक्के, दुसरीतून ३८. मेटॅलिकला उष्णता परतवायची तर दिसणारा प्रकाशही परतवावा लागतो, तिचं बळच आरशासारखं. ७० ची मेटॅलिक मागवून पाहिली, तिचा टीएसईआर बराच खाली होता. प्रकाश आत आणि उष्णता बाहेर, या अटीवर सिरॅमिक पुढे जाते. नियम नसता तर स्वस्त मेटॅलिकही मला चालली असती. धातू न वापरता शेकडो प्लास्टिक थरांनी इन्फ्रारेड परतवणारी थ्रीएम क्रिस्टलाइनही आहे, पण ती माझ्या बजेटबाहेर गेली.

२३ मे

चारही काचांना सिरॅमिक. कारागिराने फिल्म आधी काचेच्या बाहेरून हीट गनने आकसवून गोलाईवर बसवली, मग साबणाच्या पाण्यावर आत सरकवली आणि रबरी पट्टीने पाणी काढलं. बघण्यासारखं काम! पाच दिवस काचा खाली करायच्या नाहीत. मीटर चारही काचांवर ५३ ते ५४.

२८ मे

नवतपा सुरू होऊन चार दिवस झाले. चालत्या गाडीत हाताला चटका बसत नाही, फक्त मंद ऊब जाणवते. वारा बाहेरून काच गार करत राहतो, त्यामुळे शोषलेली उष्णता बरीचशी बाहेरच जाते. गाडी तासन् तास उन्हात उभी राहिली तर मात्र फार फरक नाही. पुढच्या मोठ्या, तिरक्या काचेतून ऊन आत येतच राहतं, आणि तिथे घडीचा सनशेडच कामी येतो.

संध्याकाळी सूर्य अगदी कलला की मागच्या उजव्या काचेवर हलकं धुकं दिसतं. खालचं पाणी अजून सुकतंय असं दिसतंय. पंधरा दिवसांनी त्याच वेळी, त्याच जागी गाडी उभी करून पुन्हा बघेन.