वाई ते पोलादपूर: पसरणी चढायचा, आंबेनळी उतरायचा

ही वाट वाईकडूनच धरावी. 1659 साली अफझलखानाचा तळ वाईत होता आणि तिथून त्याची फौज रडतोंडीच्या घाटाने पार गावात उतरली. आपण गाडीने जवळपास त्याच दिशेने जातो, त्यामुळे जावळीचा मुलूख किती अडचणीचा होता हे वळणावळणाला कळत जातं.

सकाळी सातच्या आत वाई सोडा. पसरणीचा चढ पूर्वेकडून पश्चिमेला आहे, म्हणजे ऊन पाठीवर आणि धोम धरणाचं पाणी खाली उजळलेलं. पाचगणी साधारण 12 किलोमीटर. चढताना दुसरा-तिसरा गिअर पुरतो. चौथ्यात रेटत नेलं की इंजिन दम टाकतं आणि तापतं. पाचगणी ते महाबळेश्वर 20 किलोमीटर सरळ पठारी रस्ता आहे, तिथे गर्दीशिवाय सांगण्यासारखं काही नाही. टाकी मात्र महाबळेश्वरातच भरून घ्या. पुढे पोलादपूरपर्यंत पंपाचा भरवसा धरू नका, मोबाइलच्या रेंजचाही नाही.

खरी गोष्ट इथून पुढे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून 1,350 मीटरच्या आसपास, तर पोलादपूर जवळजवळ कोकणच्या तळाला. ही सगळी उंची सुमारे 40 किलोमीटरमध्ये उतरायची असते. साधा नियम: ज्या गिअरमध्ये हा चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. बहुतेक गाड्यांना दुसरा. ऑटोमॅटिक असेल तर 'एल' किंवा मॅन्युअल मोड. वेग वाढला की ब्रेक ठामपणे दाबा, गाडी हळू झाली की पूर्ण सोडा. पाय सतत ब्रेकवर टेकवून ठेवला तर पॅड तापून चकाकतात, पकड जाते आणि जळका वास येतो. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यात मुरलेला ओलावा उकळतो, वाफ धरते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. वास आला की रुंद जागा बघून थांबा, अर्धा तास गाडी निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते. आणि पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणं हा या घाटातला सगळ्यात वाईट उद्योग आहे.

वाडा कुंभरोशीला फाटा लागतो: एक रस्ता प्रतापगडावर, दुसरा पोलादपूरकडे. गडाला दोन-अडीच तास द्या. मोरोपंत पिंगळ्यांनी 1656 मध्ये तो बांधून घेतला, तो कुठल्या वाटा राखायला, हे बुरुजावरून बघितल्यावर वेगळं सांगावं लागत नाही. पण गडाइतकाच वेळ पार गावाला द्यावा असं मनापासून वाटतं. रामवरदायिनीचं देऊळ आणि कोयनेवरचा शिवकालीन दगडी पूल, दोन्ही तिथेच. पुलाखाली उतरून खांब जवळून बघा: प्रवाह येतो त्या बाजूला दगड निमुळते काढलेत, म्हणजे पुराचं पाणी खांबावर आदळण्याऐवजी दोन्हीकडे फाकतं. महाबळेश्वरच्या पावसाचं पाणी झेलून हा पूल अजून उभा आहे.

प्रतापगडाच्या धारेला पाण्याची वाटणी होते. अलीकडचं कोयनेतून कृष्णेत, पलीकडचं सावित्रीतून बाणकोटच्या खाडीला. इंग्रजांनी 1870 च्या दशकात गाडीरस्ता काढला आणि गव्हर्नर फिट्झजेराल्डचं नाव दिलं, तेव्हा जुना पारघाट मागे पडला. लोकांच्या तोंडी मात्र आंबेनळीच राहिलं.

या टप्प्यात वळणाआधी हॉर्न, धुक्यात डिपर. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या, कारण चढावर थांबलेला भरलेला ट्रक पुन्हा उचलणं अवघड असतं. दुपारी चारनंतर ऊन थेट काचेवर येतं आणि वळणावर समोरचं दिसत नाही, म्हणून तीनच्या आत उतरायला लागा.

पावसाळ्यात निघण्याआधी घाट चालू आहे का, ते विचारूनच निघा. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत इथला रस्ताच जागोजाग खचला होता. डोंगराच्या कुशीला गाडी उभी करू नका. रस्त्यावर ताजी माती आणि मुठीएवढे दगड दिसले तर पुढे रेटू नका, मागे फिरा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात झरे अजून वाहते असतात आणि दरडीची भीती ओसरलेली असते. जायचं तर तेव्हा.